न पिळलेल्या चादरी

अलेक्झांड्रियातल्या पावाच्या भट्टीपुढची रांग काही हलत नव्हती. पुढे उभ्या असलेल्या दोघी शेजारणींचं मात्र जोरात चाललं होतं. नबीलानं पिशवी काखोटीला मारली आणि कान तिकडे लावले.

"कौसर, तुझ्या भाड्याच्या घरातलं वॉशिंग मशीन झालं का गं दुरुस्त?"

"धुवायचं, पण पिळायचं नाही. घरमालक हाजींना एकदा सांगितलं. हाजी म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही."

"मग परत सांगायचंस!"

"मी? एक गोष्ट दोनदा मागायची रीत नाही आमच्या घराण्यात."

"म्हणजे हातानं पिळत बसलीस?"

"का म्हणून? मशीन ठीक आहे ना? चादरी खळबळून निथळत्याच टाकल्या बाल्कनीच्या दोरीवर."

"अगं, पण खालची बाल्कनी हाजींचीच!"

"तिथंच चहा पितात ते. टपटप थेट ग्लासात!"

"ओरडले असतील!"

"ओरडले ना. मी वाकून म्हटलं, हाजी, मशीनला काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः मेकॅनिकला घेऊन जिना चढले. आता एक थेंब गळेल तर शपथ!"

"जिंकलीस बाई!"

"ऐक तर. काल त्यांची बायको वर आली. म्हणाली, माझा कुंडीतला पुदिना तुझ्याच पाण्यावर माजला होता, आता मान टाकलीय त्यानं. एखादी चादर न पिळता टाकशील का?"

"चांगलं सुनावलंस ना?"

"छे! लगेच टाकली. तिला नाही दुसऱ्यांदा मागायला लावलं."