सतराव्या रकान्यात निरंक

नाही हो मावशी, माझी नाही. नणंदेची. — दिसते ना माझ्यासारखी? सगळेच म्हणतात. आता नणंदेची पोर माझ्यासारखी कशी दिसेल ते देवालाच ठाऊक, पण कडेवर घेऊन फिरलं की चेहरा येतो म्हणे. दाराशी रखवालदारानं अडवलं, मुलाचाही अर्ज आहे का — म्हटलं नाही, नणंदेची आहे, ती गेलीय कामाला, सासूबाईंना सकाळी चक्कर आली, हिला काय फाटकाला बांधून येऊ? हसला बिचारा, सोडलं. तुमचा नंबर कितवा? माझा एकशे बेचाळीस. सहा आहेत अजून.

मी ना? व्हॉलीबॉल. उंची बघून लोकांना वाटतं, स्मॅश मारत असेल — मी मारत नाही, मी सेटर. म्हणजे दुसरीनं मारावा म्हणून चेंडू नेमका वर काढून द्यायचा, टाळ्या मात्र स्मॅश मारणारीला. संघातली सूनच म्हणा ना! त्यांच्या देशातल्या एका क्लबनं बोलावलंय, हंगामभर, आठ महिने. एकट्या खेळाडूला व्हिसा लवकर मिळतो. आठ महिने सलग काढले की रहिवासी म्हणून अर्ज करायचा, मग घरच्यांना बोलवायचं. मधे चार दिवस जरी घरी आलं तरी मोजणी पुन्हा एकपासून — सापशिडीच ती. एकतीस संपलं मला. या वयात सेटरला बोलावतं कोण? नवऱ्यालाच जास्त आनंद. तोही खेळायचा, गुडघा गेल्यापासून दुकानात बसून रॅकेटच्या तारा ओढतो. म्हणाला, जा गं, आठ महिने चुटकीसरशी जातील. चुटकीसरशी! आठ महिन्यांत सगळ्या दाढा येतात, मावशी. पहिली तर परवाच आलीय, आत डावीकडे, पाजताना अशी चावली मला — म्हणजे — नणंद सांगत होती.

… बघताय ते दूधच आहे. ओढणी कितीही पुढे घेतली तरी दिसतंच. तेरा महिन्यांची झाली, तोडायचं म्हणतेय, तुटत नाही. हळू बोला हं. माझीच आहे.

तो फॉर्म आहे ना, त्यात सतरावा रकाना. अवलंबून असलेल्या व्यक्ती. मी लिहिलं, निरंक. सवयीनं हो! मॅनेजरबाई बसमध्ये स्पर्धेच्या प्रवेशिका वाटायच्या, आम्ही एकमेकींच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत सुटायचो — आजार? निरंक. सोबत येणारे? निरंक. हातच बसलाय. ओघात गेलं लिहून.

ओघात नाही गेलं. पेन थांबलं होतं. क्लबशी जुळवून देणारा मध्यस्थ फोनवर म्हणाला होता, ताई, क्लबला मुलीचं सांगितलेलं नाही, तुम्हीही नका लिहू, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. ही माझ्या पाठीमागे बसून माझा गुडघ्याचा पट्टा चघळत होती. मी लिहिलं. आणि खरं सांगू का, लिहिल्यावर क्षणभर हलकं वाटलं — चेंडू बोटांवरून सुटलेला असतो, अजून कुणी मारलेला नसतो ना, तसं. अशी कशी मी? असेन. मग छाती ओली झाली. शरीर कुठे फॉर्म वाचतं!

आणि आता ही पाटी, तुमच्या मागच्या खांबावरची. बसल्या बसल्या सहादा वाचली. पहिल्या अर्जात ज्याचं नाव नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावता येणार नाही. केव्हाही. ते ‘केव्हाही’ जाड अक्षरात छापायची काय गरज होती? — दुरुस्ती? विचारलं मी त्या टेबलावर. हा अर्ज रद्द, नवी तारीख सात आठवड्यांनी. हंगाम तीन आठवड्यांवर. दुसरी सेटर तयारच आहे त्यांच्याकडे, बावीस वर्षांची, तिच्या सतराव्या रकान्यात खरोखरच निरंक. — नवऱ्याला? नाही सांगितलं. त्यानं हिला टोपी आणलीय, तिथल्या थंडीची, कान झाकणारी. आठ महिन्यांनी डोक्यात बसावी म्हणून एक माप मोठी.

नियम बदलतात ना पण? बदलतातच. आमच्यात पूर्वी सर्व्हिस जाळीला लागली की गेली. आता लागून पलीकडे पडली तरी चालते. कुणाला वाटलं होतं का?

एकशे बेचाळीस — माझाच की. इतक्यात? धरता का मावशी, पाच मिनिटं? मान इकडे… हं. पिशवीत गुडघ्याचा पट्टा आहे, उठली तर द्या चघळायला. आणि मला बघून हात पसरले तर वळवून घ्या, मी उभी असेन त्या खिडकीकडे पाठ करून — अशी. दोनच शब्द येतात तिला. त्यातला ‘आई’ म्हणाली तर… तर तुम्हीच ओ द्या.

बास. आता माझ्याकडे बघू नका. आपली ओळख नाही.