दामूकाकांच्या रेडिओची घरघर

त्या ड्राइव्हने मला काय छळलंय, विचारू नका! रेवदंड्याच्या माझ्या वर्कशॉपात लेथला मोटरचा वेग कमीजास्त करणारा नवा ड्राइव्ह बसवला, आणि मोटर फिरली की शेजारच्या दामूकाकांचा रेडिओ घरघरायचा. काका रोज येऊन शिव्या घालायचे. त्यांच्याच बोटीचा शाफ्ट माझ्याकडे रखडलेला, म्हणून मी निमूट ऐकायचो. शेवटी ड्राइव्हला फिल्टर लावला, जाळीवाली केबल टाकली. घरघर बंद!

दुसऱ्याच दिवशी काका तणतणत हजर.

"काम बंद ठेवलंस व्हय रे?"

"सकाळपासून तुमचाच शाफ्ट चाललाय, काका!"

"मग रेडिओची घरघर गप कशी?"

"मीच घरघर घालवली. तुम्हीच ओरडत होता ना?"

"गाणी काय, नंतर ऐकीन! घरघर थांबली की मला घरबसल्या कळायचं, तू चहाला पळालास. शाफ्ट होईपर्यंत तो फिल्टर काढून ठेव!"