परक्या फौजेतला आपला ओगा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लारा टाउन वस्तीचे प्रमुख श्री. वार्नी पासावे, व्यासपीठावर विराजमान असलेले रेव्हरंड झो, मनरोव्हियातल्या नायजेरियन मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती इफेयिन्वा, आपल्या हाताईच्या, म्हणजे चहाच्या, दुकानाचे मालक थिएर्नो सो, ज्यांच्या तीनदा उकळलेल्या चहावर या वस्तीतली निम्मी भांडणं पोसली गेली, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि उशिरा येऊनही पुढच्याच रांगेत जागा मिळवणाऱ्या मान्यवरांनो! कुणाचं नाव राहिलं असेल तर सगळ्यांचा मान राखला गेला असं समजून घ्या. गुडघे साथ देत नाहीत म्हणून बसून बोलते, तेही खपवून घ्या.

मला सांगण्यात आलं, "ओल्ड मा हावा, तुम्ही फक्त दोन शब्द बोला." चाळीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला असं सांगणं म्हणजे नदीला सांगण्यासारखं आहे, की बाई, फक्त दोन घोट वाहा. तरी प्रयत्न करते. मलाही हल्ली बोलायचा कंटाळाच येतो.

आणि निरोपाचाही येतो. यंदाच मार्चमध्ये निळ्या टोप्यांचे शांतिसैनिक गेले. त्यांचाही समारंभ झाला, बँड वाजला, छत्र्यांखाली पाहुणे बसले. त्यांच्याआधी दुसरे गेले होते, त्यांच्याआधी तिसरे. फौजांचं स्वागत करून आणि फौजांना निरोप देऊन देऊन या शहराचे हात दुखायला लागले आहेत. पण आज आपण फौजेला निरोप देत नाही आहोत. आज कायमचा आपल्या गावी जातोय तो एक माणूस. सार्जंट अडाकोले ओग्वूचे. तुमचाआमचा ओगा, त्यांच्याकडे साहेबाला म्हणतात तसा. डोळ्यांत मोतीबिंदू, शेजारी खुर्चीवर नवीन टोपी, आणि चेहरा असा की याला इथून कुणी तरी लवकर सोडवावं!

तरुण मंडळींसाठी थोडं मागचं सांगायला हवं. नव्वद साली हे शहर वेढलेलं होतं. बंडखोर चहूबाजूंनी, तांदूळ संपलेला, पामच्या झाडाचा गाभा खरवडून खायचे दिवस. माझी मुलगी मांडीवर होती, तिच्या पायांना सूज आलेली. मी तिच्याकडे बघत नसे, कारण बघितलं की हिशेब मनात यायचा, अजून किती दिवस. आणि मग बंदरात जहाजं लागली. शेजारच्या देशांची शांतिसेना आली. आम्ही रस्त्यावर येऊन नाचलो. मला नाचता येत नाही, माझ्या लग्नातही मी नाचले नव्हते. त्या दिवशी नाचले. माझी मुलगी आज नर्स आहे, ती तिथे मागे उभी आहे.

त्या जहाजांतून जे उतरले त्यांत ओगा होता. नायजेरियन तोफखान्यातला. तुकडीबरोबर तो परत गेला, नोकरी संपली, आणि काही महिन्यांत हा पुन्हा हजर. का? तर आपली कौ. केळ्याचा पाव विकणारी कौ. देव तिला शांती देवो. ती म्हणायची, "सगळ्या फौजेनं काही ना काही नेलं. मी एकटीच, जिनं फौजेतलं काही ठेवून घेतलं." लग्न झालं, जनरेटर दुरुस्तीचं दुकान निघालं, आणि ओगा संध्याकाळी थिएर्नोच्या बाकावर बसू लागला.

त्या बाकावर काय चालतं हे मी सांगायला नको. देशाचे अध्यक्ष निवडून देणं आणि पाडणं तिथेच होतं. पुरुषांची जागा ती. पण एकदा वादात दोघांनी एकमेकांच्या अंगावर चहा ओतला, तेव्हा थिएर्नो माझ्याकडे आला. "ओल्ड मा, तुमच्याकडे शाळेची घंटा आहे ना? ती घेऊन या आणि बसा." तेव्हापासून मी त्या सभेची अध्यक्ष.

आमचा कायमचा विषय एकच. घर दुसऱ्याचं, आग आत लागलेली, तर परक्यानं दार फोडावं का? आणि फोडलं, तर नंतर जाताना काय काय हातात घेऊन जावं? या विषयातले आमचे पट्टीचे वक्ते म्हणजे टोग्बा निमेली. बंदरावर क्रेन चालवणारा. तो बघा, खांबाला टेकून बसलाय. टोग्बा, खाली बघू नकोस. मी याची परवानगी घेतली आहे. म्हणाला, "सांग ओल्ड मा, पण लांबवू नकोस."

टोग्बाचं म्हणणं, परक्या फौजेनं कुणाच्याही देशात पाऊल टाकू नये, कुठल्याही कारणानं नाही. पुरावा काय? तर युद्धात त्याचा फ्रिज गेला. ओगा बाकावर बसला रे बसला की हा सुरू. "काय ओगा, माझा फ्रिज बरा आहे ना? थंड करतो ना अजून लागोसमध्ये?"

ओगा शांतपणे म्हणायचा, "मी लागोसचा नाही. मी ओतुकपोचा. आमच्याकडे वीजच नसते. तुझ्या फ्रिजमध्ये माझी बहीण कोंबड्या कोंडत असेल."

सगळे हसायचे. मग ओगा आपलं ठरलेलं वाक्य टाकायचा, "आग लागल्यावर कुणी दार ठोठावत बसत नाही, टोग्बा." की झालं. घंटा वाजवून वाजवून माझं मनगट जायचं. वर्षानुवर्षं हे असंच. फ्रिजचाच विनोद इतकी वर्षं का पुरतो, असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. विनोद चालतो तोवर माणसं विचारत नाहीत.

मग गेल्या वर्षीचा जानेवारी आला. गाम्बियाचा अध्यक्ष निवडणूक हरला आणि खुर्ची सोडेना. शेजारच्या देशांनी सीमेवर फौजा आणून उभ्या केल्या. रेडिओवर दुसरं काही नव्हतं. हाताईच्या दुकानात बसायला जागा नाही, लोक रस्त्यावर उभे. विषय आयता मिळालेला. फौजांनी आत जावं की नाही? आपल्या वस्तीतले वकीलसाहेब उठले. सार्वभौमत्व, करार, कलमं, सगळं सुंदर बोलले. दुसऱ्या बाजूनं आपल्या रेव्हरंडांनी माणुसकीवर तितकंच सुंदर भाषण केलं. मी घंटा वाजवली आणि म्हटलं, आता टोग्बा.

टोग्बा उठला नाही. बसल्या जागेवरून त्यानं विचारलं, "ओगा, तुझे लोक आत जाणार ना?"

आम्हाला वाटलं, टोमणा येतोय. लोक हसायच्या तयारीत.

"मला काय माहीत?" ओगा म्हणाला.

"तुला माहीत असणार. तू त्यांच्यातला. कधी जातील ते सांग. डेकॉन्टी तिथे आहे."

डेकॉन्टी ही टोग्बाची मुलगी. तिकडे एका हॉटेलात कामाला होती. हॉटेलातले गोरे पाहुणे विमानं भरभरून परत गेले होते, आणि कामाची माणसं राहिली होती. आम्हाला कुणालाही हे आठवलं नव्हतं. आम्ही सगळे तत्त्वावर बोलत होतो ना!

"रोज फोन करतो," टोग्बा म्हणाला. "पोरगी म्हणते, पप्पा, लोक गावं सोडून पळतायत. तुझे लोक जाऊ देत आत, ओगा. त्या माणसाला बाहेर काढू देत. मी फ्रिजचं नाव काढणार नाही पुन्हा."

आता ओगानं हो म्हणायला काय हरकत होती? आयुष्यभराचा वाद जिंकला होता त्यानं. पण तो मान हलवत राहिला. म्हणाला, "जाऊ नयेत, टोग्बा. देव करो आणि न जाता मिटो. माझ्या बहिणीचा मुलगा आहे त्या फौजेत. पण त्याच्यासाठी म्हणत नाही मी. आत गेलं की तोफा लावाव्या लागतात. तोफेला घर दिसत नाही. नकाशावर एक बोट ठेवतात आणि सांगतात, इथे."

"तूच म्हणायचास, आग लागल्यावर..."

"म्हणायचो. वाक्य चांगलं होतं."

टोग्बानं हातातला ग्लास बाकावर ठेवला. आणि अगदी साध्या आवाजात, म्हणजे आपण भाजीचा भाव सांगतो तशा आवाजात, तो म्हणाला, "फ्रिज कुणी नेला नव्हता. फ्रिज तिथेच होता. ब्याण्णव साली आमच्या घरावर गोळा पडला, तेव्हा माझी आई त्या फ्रिजमागे लपली होती. लोखंडाचा आहे म्हणून."

माझ्या हातात घंटा होती. मी ती मांडीवर आडवी ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

ओगानं विचारलं, "घर कुठे होतं?"

"खाडीपुलापलीकडे. पाण्याच्या टाकीमागे."

ओगा म्हणाला, "त्या आठवड्यात माझी तोफ त्याच बाजूला तोंड करून होती. पलीकडून बंडखोरही मारा करत होते. कुणाचा गोळा कुठे पडला हे आम्हाला कधी सांगितलं जात नसे. मीही कधी विचारलं नाही."

बंधुभगिनींनो, मी त्या सभेची अध्यक्ष होते. रीतीप्रमाणे दोन्ही बाजू झाल्या की हात वर करून मत घ्यायचं असतं. मला जमलं नाही. टोग्बा उठून गेला, त्याच्या मागोमाग एकेक जण गेला. थिएर्नोनं त्या दिवशी कुणाकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढे काय झालं ते तुम्ही रेडिओवर ऐकलंच. तो हरलेला अध्यक्ष शेवटी विमानात बसून निघून गेला, आणि फौजा मोठी लढाई न करता शहरात शिरल्या. त्या दिवसांत टोग्बा माझ्या अंगणात आला. दुकानावर येणं त्यानं सोडलं होतं. पायरीवर बसला आणि म्हणाला, "डेकॉन्टीचा फोन आला. रस्त्यावर सैनिक आले तेव्हा लोक नाचले म्हणे. ती पण नाचली."

मी म्हटलं, "मी पण नाचले होते रे, नव्वदला."

"माहीत आहे, ओल्ड मा," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी माझी आई नाचत होती."

परदेशांतून अभ्यासक येतात माझ्याकडे, चांगली मुलं असतात, समोर यंत्र ठेवतात आणि विचारतात, मॅडम, हस्तक्षेप योग्य होता का? हो की नाही? मी त्यांना कसाव्याचा पाला आणि भात वाढते. जेवून जातात. खरं सांगू? मी दमले आहे या प्रश्नानं. जे म्हणतात कधीच जाऊ नये, त्यांना मी माझी मुलगी दाखवू शकते. जे म्हणतात जायलाच हवं, त्यांना टोग्बाकडे पाठवू शकते. आणि जाणारे आपल्यासाठी जातात की स्वतःसाठी, हे तर जाणाऱ्यांनाही धड ठाऊक नसतं. वकीलसाहेब मान हलवतायत. हलवा, हलवा, तुमचं भाषण खरंच छान झालं होतं.

आता एकच प्रसंग, मग थांबते. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत ते मला दिसतंय.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये आपला थडगी सजवायचा दिवस आला. मी माझ्या माणसांची थडगी साफ करायला गेले होते. दोन ओळी सोडून टोग्बा आणि त्याची बहीण आईच्या थडग्याला चुना लावत होते. आणि फाटकातून ओगा आला. हातात चुन्याची बादली, काखेत ब्रश. चुकत, ठेचकाळत, कारण डोळे तेव्हाच गेलेले. टोग्बाच्या बहिणीनं आवाज चढवला. "हा इथे कशाला? कुणी बोलावलं याला?"

ओगा म्हणाला, "कुणी नाही."

"मग जा."

ओगा वळला. तेवढ्यात टोग्बा, थडग्यावरची नजर न उचलता, म्हणाला, "राहू दे त्याला. ती मागची बाजू राहिलीय."

ओगा गुडघ्यांवर बसला आणि मागची बाजू रंगवू लागला. दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपत. बहीण तोंड फिरवून गवत उपटत होती. मग टोग्बा वाकून बघत म्हणाला, "तिथे पातळ झालंय. परत मार." ओगानं परत मारलं. यंदाच्या मार्चमध्येही तो आला, आणि यंदा बहिणीनं त्याला पाणी दिलं. लोक मला विचारतात, टोग्बानं त्याला माफ केलं का? तो शब्द मी दोघांच्याही तोंडून ऐकलेला नाही. मी चुना लावताना बघितलं, तेवढंच मी सांगू शकते.

गेल्या आठवड्यात ओगा माझा निरोप घ्यायला आला. म्हणाला, "ओल्ड मा, त्या दिवशीचं मत तू घेतलंच नाहीस. तू अध्यक्ष. निदान मला तरी निकाल सांग. गावाला गेल्यावर लोक विचारतील, तिकडे जाऊन तुम्ही चांगलं केलंत की वाईट? मी काय सांगू?"

मी त्याला म्हटलं, विचार करून सांगते. ओगा, विचार केला. तुझ्या गावच्या लोकांना सांग, तिथे एका बाईची मुलगी जगली आणि एका माणसाची आई गेली. आणि सांग, मला निरोप द्यायला ती बाई आणि तो माणूस दोघंही आली होती.

अध्यक्षमहाराज, आपण मला बसून बोलू दिलंत, मंडळानं या हॉलची व्यवस्था केली, आणि बायकांनी पहाटेपासून मागे चुली पेटवल्या, त्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं झाकलेलं उघडं पडलं असेल, कुणाला लागलं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. ओगा, सुखरूप जा. डोळ्यांचं ऑपरेशन करून घे. मी थांबते.