गुलाबी गोंडे

—योवानाच्या अल्पाका म्हणजे तिच्याच, जावईबापू, नाही म्हणणारी मी कोण? न्या, विका, तीनचाकी घ्या, अरेकिपाभर हिंडा. पण आधी बसा तरी. चार पावलं चढलात तर छातीचा भाता झालाय. सूप घ्या, गरम आहे. मीठ आहे हो तुमच्यात, माझ्यात नाही— शुक्रवार ना. योवाना शहरात गेली तेव्हापासून शुक्रवारचं मीठ सोडलंय मी, कांदेलारिया माईला नवस बोलले होते, लेक उंबऱ्याला पाय लावीपर्यंत. तुम्हाला बोलली नाही ती? बरं. म्हणाली होती, पिल्लं व्हायच्या दिवसांत येते. पावसात पिल्लं झाली, कुशीत घेऊन वाळवली मी. मग म्हणाली लोकर कापायला येते. तीही कापली. दिवस आपापल्या वेळेला आले हो, कधी चुकले नाहीत.

तिचं जावळ काढलं तेव्हा धर्मपित्यानं एक मादी दिली होती तिला. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी योवानाची. दर कार्निव्हलला त्यांच्या कानांत तिच्या रंगाचे गोंडे मी ओवते. कुठला रंग तिचा, सांगा बघू? ...नवरा ना तुम्ही? गुलाबी! बायकोचा रंग ठाऊक नाही आणि आलात कळप न्यायला. नाही, थट्टा नाही करत. —बरं, थोडी करते, सासूला तेवढा हक्क असतो. पण एक सांगते, तो गोंडा ज्याचा त्यानंच सोडायचा. परक्या हातानं सोडला की त्या जनावरामागं घरची बरकत चालती होते. तुम्ही शहरातले, तुम्हाला खोटं वाटेल.

काय म्हणालात? लोकर दाट आहे, निवडक जनावरं आहेत? असणारच. माझ्यातली निवडूनच तर— काही नाही. घ्या ना सूप.

...असे काय बघताय? तोंडातून निघालं ते निघालं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बर्फ पडलं, कुरण दगडासारखं झालं. सकाळी बघते तर तिची सगळी एकमेकांना चिकटून बसलेली, आणि एकही उठेना. कानांत गुलाबी गोंडे तसेच. काय कळवणार होते मी, की बाई, तुझं इथं काही उरलं नाही? मग ती कशासाठी आली असती वर? गोंडे काढले, धुतले, माझ्या तरण्या जनावरांच्या कानांत ओवले. कळप तुमच्यासमोर आहे तो माझा, जावईबापू. माझ्या रंगाची आता एक म्हातारी उरलीय, दात पडलेली, गवत चावता येत नाही तिला.

हे तिच्या कानावर घालू नका. दिली ती दिली, तिचीच आहेत. फक्त तिला धाडा. एक दिवस. आपल्या हातानं गोंडे सोडू दे, मग सगळी न्या, मी स्वतः ओढ्यापलीकडं ट्रकपर्यंत हाकत आणते. माई ऐकेल माझं, येईल ती. तुम्ही विचारा तर खरं.

आत्ता विचारून येता? आत्ता कसे येणार विचारून, इथं फोनला रेंज कुठाय, आणि अरेकिपा काय परसात—

...ट्रकमध्ये आहे?

केव्हापासून? तुम्ही इथं सूप पिताय तेव्हापासून? बरी आहे ना? पाय बिय दुखतोय का? मग उतरली का नाही? ...आई रडेल म्हणून. असं म्हणाली. आई रडेल, उशीर होईल, तुम्हीच जाऊन घेऊन या.

थांबा, विचारायला जाऊ नका. काही विचारायचं नाही आता. न्या. गोंड्यांसकट न्या. हाकायला मी येत नाही, जातील ती तुमच्यामागं, गरीब आहेत.

काच वर करून बस म्हणावं तिला, गारठा वाढेल. जा.