रुपीबाईचा पाला

मारेगावच्या दवाखान्यात रांग काही सरकेना. जखमी लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या कमरुन्निसाच्या कानावर पुढच्या दोघींचं बोलणं पडत होतं. एक तांड्यावरची रुपीबाई, दुसरी तिच्या ओळखीची गावातली बाई.

"पेनिसिलिनच्या सुयांनी नेमसिंगच्या पायाची जखम भरली नाही, अन् तुह्या पाल्यानं भरली! डाक्टरनं इचारलं नाही काय?"

"इचारलं ना. नागपूरले तपासाले धाडतो म्हणे."

"मंग?"

"मंग काय! नाव सांगतलं का गुण जाते. अन् हे लोक तोच शिशीत भरून आपल्यालेच इकतीन."

"मंग सांगतलं काय?"

"कडुनिंब."

"अन् त्यानं मानलं?"

"मानलं ना. ज्याले सुई लागू पडत नाही, त्याले आता तेच बांधाले सांगते."

कमरुन्निसानं लेकीच्या पायाकडे पाहिलं. पट्टीतून कडुनिंबाचा पाला डोकावत होता, आणि सूज गुडघ्याच्या वर गेली होती.