ओला फलक

सावेडीतल्या फ्लेक्सच्या दुकानात आपला नंबर यायची वाट बघत विनायकराव पुस्तकाआडून ऐकत होते.

"दादा, बॅनर गुंडाळा आता. संध्याकाळी भिंगारला विहाराचं उद्घाटन हाय."

"चांगुणाबाई, हीटर लावलाय, तरी शाई ओलीच आहे. गुंडाळला तर चिकटेल."

"मग हीटर जवळ सरकवा."

"फ्लेक्स आक्रसेल हो!"

"तर तसाच द्या. आमी बाया लुगड्याची टोकं धरून वाऱ्यावर वाळवतो, तसं उघड्या टेम्पोत धरू."

"टोकं चार, तुम्ही तिघी!"

"अवो पुस्तकवाले बाबा, तुमी कुठं जानार?"

"भिंगारलाच. पण मला जमेल का?"

"नुसतं धरायचं. चला!"

टेम्पो सुटला आणि जन्मात कधी आवाज न चढवलेले विनायकराव ओरडले, "ड्रायव्हर, अजून जोरात! माझ्याकडचं ओलंच आहे!"