आतून लावलेली कडी

माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, मंचावरची मोठी मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या नर्सबाई, आणि समोर बसलेल्या आयाबाया, बापे आणि विशेषकरून सासवांनो,

मला दोन शब्द बोला म्हणाले. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला दोनावर थांबता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सगळ्यांनी नर्सबाईंचे गोडवे गायले. मी एवढंच सांगते, या बाईंनी माझा हात मुरगळला होता. आठवडाभर सुजला. साहेब, हसू नका, तक्रार नाही करत.

नात पाच आठवड्यांची होती. ती टाहो फोडायची आणि सून भिंतीकडे बघत बसायची. मी म्हणायची, "आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत? नुसते नखरे!" एके दुपारी बघते तर पोर बाहेरच्या खोलीत गादीवर, सून स्वयंपाकघरात, आतून कडी. आत काचेच्या ताटल्या फुटत होत्या. मुलाने लाथा घालून दार मोडलं. सगळीकडे काचा आणि रक्त. भिंतीवर आपटून आपटून तिने कपाळ फोडून घेतलं होतं. आणि मी काय केलं? झाडूचा दांडा घेऊन तिच्या पाठीत घातला. "पोर टाकून कडी लावतेस, कैदाशिणी?" दोन बसले. तिसऱ्याला नर्सबाईंनी मनगट धरलं. बाळाचं वजन करायला आल्या होत्या.

"आजी, बाहेर व्हा."

"घर माझं आहे."

"मग घरात मढं हवंय का? व्हा बाहेर!"

दार मोडलेलंच, मला सगळं ऐकू आलं. बाई काचांतच बसल्या आणि सरळ विचारलं, "बाळाला मारून टाकावंसं वाटतं?"

आईला असं कुणी विचारतं का हो?

सून म्हणाली, "रोज. हात तिच्या गळ्याकडे जातात. म्हणून कडी लावते. ती बाहेर, मी आत."

ऐकलंत? पोर टाकली नव्हती. स्वतःपासून वाचवत होती. आणि मी तिलाच बडवत होते.

"हा आजार आहे, पोरी. बरा होतो," बाई म्हणाल्या, आणि तशीच तिला दवाखान्यात नेली. औषधं, डॉक्टरांशी बोलणं, झोप. तिला एकटीला सोडायचं नाही, असा हुकूम. मी पोर सांभाळली, मुलाने भांडी घासली, काही झिजला नाही. सहा महिन्यांनी सून माझ्याशी भांडली, तेव्हा कळलं, बरी झाली.

पण तो प्रश्न माझी पाठ सोडेना. मला तो कुणी विचारलाच नव्हता. माझा मुलगा तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. पाळण्यातून पडला, असं मी पस्तीस वर्षं सांगत आले. तो पडला नाही. मी भिरकावला. महिन्याचा होता.

नर्सबाई, तुमचे उपकार आहेत. तुमच्या जागी येईल तिला तो प्रश्न शिकवून जा. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. हातून झालं त्याची माफी मात्र सभेकडे मागत नाही. ती तुझ्याकडे मागते, बाळा, सगळ्यांसमोर. लगेच देऊ नकोस. आधी पोटभर रागाव.